हवामान बदलामुळे शहरात येणाऱ्या पुराचं आर्थिक नुकसान किती, याचा अंदाज कसा काढतात?

तुम्ही प्रकल्पासाठी हे विचारताय, म्हणजे सूत्र तुमच्या पुस्तकात असेलच. किती फूट पाण्याला किती नुकसान आणि तेवढं पाणी एखाद्या वर्षी येण्याची शक्यता किती, यावरून वर्षाचं सरासरी अपेक्षित नुकसान काढतात. ते बरोबरच आहे. मी लिहितेय ते त्यात घालायच्या आकड्यांबद्दल, कारण त्यावरूनच माझं आणि दादाचं २०१९ पासून वाजलंय.

सांगलीत गावभागात आमचा छापखाना आहे, हिशेब माझ्याकडे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा दुकानात पाणी छातीला लागत होतं. पंचनाम्यात दोन ओळी आल्या: कागद भिजला, यंत्र नादुरुस्त. आमच्या वहीत त्याचे ६ लाख ३० हजार. मी म्हटलं, विश्रामबागेकडे उंचावरचा गाळा भाड्याने घेऊ, महिना ७ हजार. दादाने बिलाच्या पाठीमागे मांडलं: "आधीचा पूर २००५ चा. चौदा वर्षांनी एकदा. म्हणजे वर्षाला ४५ हजार पडले. भाडं ८४ हजार. कशाला?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं.

दादाची पहिली चूक ते ६ लाख ३० हजार. त्यात फक्त हाताला लागतं ते होतं. छापखाना ३८ दिवस बंद होता. तेही गणपतीच्या तोंडावर, मंडळांच्या पावतीपुस्तकांचा हंगाम. चार कामगारांचे पगार दिले. दोन शाळांचं काम मिरजेला गेलं, ते आजतागायत आलं नाही. हे आणखी ४ लाख. यातली एक गोष्ट तुम्ही जपून धरा: शाळांचं काम आमच्याकडून गेलं तरी जिल्ह्यातच राहिलं. जिल्ह्याचा हिशेब करत असाल तर ते नुकसान धरू नका. दुकानाचा करत असाल तर धराच.

पाण्याच्या उंचीचंही तसंच. आलेखात रेघ हळूहळू चढताना दाखवतात. आमच्याकडे पहिल्या फुटातच यंत्राची मोटार जाते, त्यानंतरच्या दोन फुटांत फारसं काही जात नाही, मग एकदम कागदाचे रॅक. वरच्या रॅकवरचा कोरडा कागदसुद्धा ओल धरून वाकडा होतो, तो मशीनवर चालत नाही. पंचनाम्यात तो 'सुस्थितीत'.

दुसरी चूक ते चौदा. दोन पुरांमधलं अंतर म्हणजे पुराचं वेळापत्रक नव्हे. सरकारी नकाशावरची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. येत्या पंचवीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के. आणि हे ४ टक्के जुन्या पावसावरून काढलेले. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग ज्या कोयनेचं पाणी कृष्णेतून आमच्याकडे येतं तिच्या पाणलोटात पडणारा पाऊस जुन्या आकड्यांत कसा बसेल? तुमच्या प्रकल्पात शक्यता एकच धरू नका, ४, ६ आणि ८ टक्के धरून तिन्ही उत्तरं द्या.

मी पुन्हा मांडलं. २००५ चे ९० हजार, २०१९ चे १० लाख ३० हजार, २०२१ चे ३ लाख २० हजार. सतरा वर्षांत १४ लाख ४० हजार, वर्षाला ८४ हजार ७००. गाळ्याचं भाडं निघालं असतं, दादा. शिवाय २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आईला रात्री होडीतून काढलं, त्याची रक्कम मी कुठेच धरलेली नाही.

हेही सांगायला हवं: तीन पुरांवरून सरासरी काढणं कच्चंच, मोजणी पुराच्या वर्षापासून सुरू केली की आकडा फुगतो आणि मी महागाई धरलेली नाही. २०१९ चं सगळं पाणी हवामान बदलाच्या नावावर टाकू नका. धरणांतले विसर्ग आणि पूररेषेतली बांधकामं वेगळी लिहा.

माहिती गोळा करायला फिराल तेव्हा दुकानदाराला "किती माल भिजला" एवढंच विचारू नका. पूर ओसरल्यावर पहिलं बिल कोणत्या तारखेला फाडलं ते विचारा. आमचं १६ सप्टेंबरचं आहे, वही माझ्याकडे आहे.