शिबिराचा लीडर होतोयस, तर एवढं ऐक

बडोद्याच्या फतेगंजहून निघणाऱ्या आपल्या चर्चच्या मुलांच्या शिबिराच्या बसमध्ये यंदा तू लीडर म्हणून चढणार. गिटार छान वाजवतोस, मुलं तुझ्यामागे असतात. (गिटारवाल्याला आपण जरा लवकरच लीडर करतो, असं माझं मत.) बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय आधी वाच. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं तिथे सरळ लिहिलंय.

कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा बसू नकोस, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. व्हरांड्यात बस, दुसऱ्या लीडरला दिसेल असं. रात्री खाजगी मेसेज नाहीत. फीचे पैसे दोघांनी मोजायचे. नियम पालकांना मराठी-गुजराती दोन्हींत छापून द्यायचे.

एखाद्या मुलाने अत्याचाराचं सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलावरील लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुणी वडीलधारे म्हणतील, "आधी मंडळीतच (चर्चमध्येच) मिटवू." नम्रपणे नाही म्हण. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 नंबर मुलांना दिसेल असा लाव.

तुझ्याविरुद्धच तक्रार आली, तर चौकशी होईपर्यंत स्वतःहून बाजूला हो.