एलिझाबेथकालीन नाटक प्रथमच वाचणाऱ्यास

आरंभ ख्रिस्तोफर मार्लो या इंग्रज नाटककाराच्या ‘डॉक्टर फॉस्टस’पासून करावा, असे मी आपणास आग्रहाने सुचवेन. पहिल्या वाचनात टिपा बाजूला ठेवाव्यात आणि संवाद मोठ्याने म्हणावेत, कारण दहा अक्षरांच्या त्या निर्यमक ओळी कानासाठीच लिहिलेल्या आहेत. सैतानाला आत्मा विकलेल्या आणि मध्यरात्री मुदत संपणाऱ्या फॉस्टसचे अखेरचे स्वगत तर उभे राहून म्हणावे. घड्याळात अकराचे टोले पडतात, सुमारे तीस ओळींनंतर साडेअकरा होतात, आणि उरलेला अर्धा तास त्याहूनही कमी ओळींत सरतो. विनाश जवळ येताना धावत सुटलेला काळ मार्लो असा प्रत्यक्ष ऐकवतो. त्यातच फॉस्टस रात्रीच्या घोड्यांना ‘हळू, हळू धावा’ असे लॅटिनमध्ये विनवतो. ती ओळ मुळात ओव्हिड या रोमन कवीच्या प्रणयकाव्यातील, पहाट होऊ नये म्हणून तळमळणाऱ्या प्रियकराची आहे, हे कळल्यावर अंगावर काटा येतो. (टीप पाहायची ती अशा जागी.)

लंडनच्या रोझ या उघड्या नाट्यगृहात हे नाटक दुपारच्या उजेडात होत असे, त्यामुळे मध्यरात्र शब्दांनीच उभी करावी लागे, हेही वाचताना ध्यानात असू द्यावे. संहिता दोन आहेत. प्रथम १६०४ची आटोपशीर संहिता घ्यावी, १६१६ची विस्तारलेली नंतर.