शाळेत आयटी सपोर्टची नोकरी निवांत असते का?

"कंपनीतल्या हेल्पडेस्कला कंटाळलोय, पुण्यात एका शिक्षणसंस्थेत आयटी सपोर्टची जागा निघालीये, शाळेत काम निवांत असेल ना?" असं तुम्ही विचारलंय. निवांत! हाच शब्द आमच्या कोषाध्यक्षांनी भर मीटिंगमध्ये माझ्याबद्दल वापरला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

अकरा वर्षं हेच करतोय. पाच शाखा, सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत. दोनशेच्या आसपास मशिन्स आणि माणसं दोन. मी आणि एक पोरगा. पोरगा शिकून तयार झाला की हिंजवडीला पळतो, मग नवा पोरगा.

तो दिवस शुक्रवार होता. दहावीच्या बोर्डाचे ऑनलाइन फॉर्म भरायची नियमित शुल्काची शेवटची तारीख. आदल्या दिवशी गुरुवार, म्हणजे महावितरणची देखभाल. दुपारपर्यंत लाइट नाही, त्यामुळे सगळं तुंबून शुक्रवारवर आलेलं. सकाळी सव्वासातला कोथरूडच्या बाईंचा फोन, स्मार्ट बोर्डला आवाज नाही. मग प्राथमिकच्या मुख्याध्यापिकांचा पेन ड्राइव्ह, त्यात सगळी फोल्डरं शॉर्टकट होऊन बसलेली. मग मराठीची प्रश्नपत्रिका. जुन्या फॉन्टात टाइप केलेली, दुसऱ्या मशिनवर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ. युनिकोडात करा म्हणून कितीदा सांगितलं, तर "माझा हात याच कीबोर्डवर बसलाय." हे सगळं साडेनवाच्या आत.

पावणेअकराला मुख्य शाखेचं नेटवर्क बसलं. ऑफिसातल्या मॅडमचे साठेक फॉर्म बाकी. तिथले सगळे नेटवाल्याला शिव्या देतायत आणि मी कोथरूडला. गाडी काढली, नळ स्टॉपला अडकलो, तेवढ्यात सात मिस्ड कॉल. पोहोचून रॅक उघडला तर स्विचचे, म्हणजे सगळ्या मशिन्सच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याचे, सगळे दिवे एका तालात, गणपतीच्या मांडवातल्या माळेसारखे लुकलुकतायत. नेटवाल्याचा काही संबंध नव्हता. लूप होता, म्हणजे वायर फिरून स्वतःशीच जोडलेली.

ब्रॉडकास्टचं पाकीट, म्हणजे सगळ्या मशिन्ससाठी पाठवलेला माहितीचा तुकडा, ज्या पोर्टातून (वायर खोचायच्या भोकातून) येतं तो सोडून स्विच ते बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर पाठवतो. वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचात असतील तर तेच पाकीट फिरून परत येतं, पुन्हा सगळीकडे जातं. इथरनेटच्या, म्हणजे या वायरीच्या नेटवर्कच्या, पाकिटाला आयुष्याची मर्यादा नसते, ते मरत नाही. क्षणात अख्खी लाइन त्याच कचऱ्याने भरते.

एकेक वायर उपटत गेलो. तिसरी काढल्यावर दिवे शांत झाले. ती शिक्षकखोलीकडे जात होती. तिथे टेबलाखाली आठ पोर्टांचा डबा, म्हणजे छोटा स्विच, आणि शेजारी शिपाई मामा झाडू घेऊन. दुसऱ्या दिवशी संस्थेची मंडळी पाहणीला यायची होती, म्हणून मामांनी लोंबकळणारी वायर उचलून रिकाम्या भोकात नीट खोचून ठेवली होती. दुसरं टोक आधीच त्याच डब्यात. मी ती काढली, आणि मॅडमनी संध्याकाळी साडेसहाला शेवटचा फॉर्म भरला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये कोषाध्यक्ष म्हणाले, "एक वायर काढायला अर्धा दिवस? तसं तुमचं काम निवांतच असतं म्हणा." मामांना निवृत्तीला आठ महिने होते, नाव घेतलं नाही. पण पुढचं बोलायला हवं होतं, ते आज बोलतो. लूप आपोआप ओळखून ती वाट बंद ठेवणारी पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढली. ती असलेले स्विच आज तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही मिळतात. तसा स्विच घ्यावा म्हणून मी तीन कोटेशनं जोडून अर्ज दिला होता. "सध्याचा चालतोय ना?" असा शेरा मारून तो परत आला. त्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या मांडवाला पैसे कमी पडले नाहीत. स्नेहसंमेलनाला माझा विरोध नाही, तिथला माइकही मीच लावतो.

तर तुमचा प्रश्न. कंपनीत तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, असतं, ते बंद केलं की सुटलात. शाळेत तिकीट नसतं, जिन्यात गाठतात. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची, माहिती भरणं तुमचं काम नाही, पण तुमच्याच गळ्यात पडतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. आमच्या निम्म्या मशिन्स ११ घेत नाहीत, आणि फेकताही येत नाहीत, कारण त्या डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेल्या आहेत आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंद काढून टाकायचा, ठराव कुणी मांडत नाही. मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा, पाच हजारांच्या खरेदीवर सही कुणाची लागते. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला तर उठा.

हो, हे एका संस्थेचं झालं. काही ठिकाणी पैसा आहे, माणसं आहेत, मला माहीत आहे. मे महिन्यात खरंच जरा श्वास मिळतो. आणि मुलं छान असतात, माउस बिघडला की चोरून हसतात.

स्विच शेवटी आला, दीड वर्षाने. नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. कोषाध्यक्षांनी स्वतःच्या हाताने त्याला झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकू वाहिलं, थेट पंख्याच्या जाळीवर. ते जिना उतरेपर्यंत थांबलो आणि धूळ उडवायचा ब्लोअर काढला.