ऑनलाइन लिलावात भरमसाट शिपिंग लावणं आणि शेवटच्या क्षणी बोली लावून वस्तू उचलणं, हे न्याय्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की ई-बेवर एका जुन्या कॅमेरा लेन्सची सुरुवातीची बोली ९९ सेंट होती आणि शिपिंग ३८ डॉलर. तुम्ही २२ डॉलरपर्यंत गेलात, आणि वेळ संपायला सहा सेकंद उरले असताना कुणीतरी ती साडेबावीसला नेली. हे दोन्ही अन्यायाचं नाही का, असं तुम्ही विचारताय. माझ्या मते शिपिंगबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, सहा सेकंदांची नाही.

मी न्यू जर्सीत राहतो आणि बारा-तेरा वर्षं ई-बेवरून लाखेच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्या घेतोय, मुख्यतः नाट्यगीतांच्या. लाखेची तबकडी हातातून पडली की संपली, त्यामुळे शिपिंगचा विषय माझ्या फार जवळचा आहे. एका विक्रेत्यानं पाच तबकड्यांना २८ डॉलर शिपिंग लावलं. पार्सल आलं ते मीडिया मेलनं. अमेरिकी टपालखात्याचा हा पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणांसाठीचा स्वस्त दर. वरच्या लेबलावर टपालाचे जेमतेम पाच डॉलर लागलेले, खोका एकच, पातळ, आणि आत दोन तबकड्यांचे तुकडे. दुसऱ्या एकानं १८ डॉलर घेतले, पण प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, सगळा गठ्ठा एका खोक्यात, तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात आणि मधल्या जागेत कागदाचे बोळे भरलेले. ते १८ डॉलर मी आनंदानं दिले. पॅकिंगला पुठ्ठा लागतो, चिकटपट्टी लागते, माणसाचा तासभर जातो. त्यामुळे नुसतं टपालाचं तिकीट बघून ‘लुटलं’ म्हणू नये.

मग अन्याय कुठे होतो? लिलावात बोली लागते ती किमतीवर. शिपिंगवर कुणालाच बोली लावता येत नाही, तो आकडा विक्रेता एकटा ठरवतो. माझे वडील निफाड तालुक्यातून कांदा विकायला न्यायचे. भाव उघड लिलावात सगळ्यांसमोर पुकारला जायचा, पण घरी आलेल्या पट्टीत, म्हणजे हिशेबाच्या कागदात, हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), आडत (दलाली) वजा झालेली असायची आणि त्या आकड्यांना कुणी बोली लावलेली नसायची. शिपिंग फुगवणारा विक्रेता तेच करतो. किमतीचा एक तुकडा लिलावातून बाहेर काढून स्वतःच्या खिशात सुरक्षित ठेवतो.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. लेन्ससाठी एकूण ६० डॉलर द्यायची तयारी असलेला माणूस ३८ वजा करून २२चीच बोली लावणार. सगळ्यांनी अशी वजाबाकी केली तर शिपिंग फुगवून विक्रेत्याच्या हाती जास्त काही लागणार नाही. पण माणसं ती वजाबाकी पुरती करत नाहीत. तनजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थतज्ज्ञांनी संगीताच्या सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम ई-बेवर खरोखर विकून हे तपासलं. त्यांचा निबंध २००६ साली आला. एका प्रकारात सुरुवातीची बोली ४ डॉलर आणि शिपिंग फुकट, दुसऱ्यात सुरुवात १ सेंटपासून आणि शिपिंग ३.९९. गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच, तरी दुसऱ्या प्रकारात एकूण पैसे जास्त मिळाले. शिपिंग आणखी वाढवल्यावर मात्र सीडींच्या बाबतीत हा फरक उरला नाही. म्हणजे फार फुगवलं की लोकांना दिसतं, थोडं फुगवलं की नजरेतून सुटतं.

पूर्वी यात विक्रेत्याचा आणखी एक फायदा होता. ई-बेचं कमिशन फक्त विक्रीच्या किमतीवर असायचं. एक डॉलरला वस्तू आणि तीस डॉलर शिपिंग दाखवलं की कमिशन एका डॉलरवर. २०११ साली अमेरिकेत शिपिंगच्या रकमेवरही कमिशन लागू झालं आणि ती पळवाट बंद झाली. पण मन बदललं म्हणून वस्तू परत केलीत, तर विक्रेता मूळ शिपिंग परत देणं लागत नाही. (वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर मात्र शिपिंगसकट सगळे पैसे मागायचेच. माझ्या त्या दोन तुटक्या तबकड्यांच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं.)

आता सहा सेकंदांकडे येतो. ‘अर्ध्या डॉलरसाठी गेली’ हा तुमचा समज बहुधा चुकीचा आहे. ई-बेवर तुम्ही कमाल रक्कम सांगता आणि यंत्रणा तुमच्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. जिंकणारा साधारण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी जास्त देतो, आणि २२ डॉलरच्या आसपास ती पायरी ५० सेंटची असते. म्हणून साडेबावीस दिसलं. त्यानं कमाल ८० लिहिलेली असू शकते. तुम्ही २४ केले असते तर त्याला साडेचोवीस पडले असते, इतकंच. विल्यम विकरी (Vickrey) या अर्थतज्ज्ञानं १९६१ साली अशा ‘दुसऱ्या किमतीच्या’ लिलावाचं गणित मांडलं. त्याचं सार असं की वस्तूची आपल्या लेखी जी खरी किंमत आहे तीच लिहावी, कमी लिहून काही वाचत नाही.

शेवटच्या क्षणी लोक बोली का लावतात? कारण घड्याळ ठरल्या वेळी बंद होतं आणि इतरांना बोली वाढवायला वेळच उरत नाही. अ‍ॅमेझॉनचे लिलाव चालायचे तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची, आपल्याकडच्या ‘एक वार, दोन वार’सारखी. रॉथ आणि ऑकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी दोन्ही संकेतस्थळं ताडून पाहिली तेव्हा शेवटच्या क्षणाची घाई ई-बेवर कितीतरी जास्त आढळली. माझ्या मते अ‍ॅमेझॉनचा नियम चांगला होता. पण ई-बेचा नियम सगळ्यांना आधीपासून माहीत असतो आणि तो सगळ्यांना सारखा लागू होतो, म्हणून मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. विक्रेत्यानं दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच वस्तूवर बोली चढवणं, ही फसवणूक. ब्रिटनमध्ये २०१० साली मिनीबस विकताना असं करणारा एक जण न्यायालयात दोषी ठरला.

अशी लेन्स पुन्हा दिसली तर आधी तुमच्या पत्त्यापर्यंतचं खरं टपाल किती होतं ते वजनावरून काढा. ३८ त्याच्या आसपास असेल तर तक्रार नको. तिप्पट असेल तर विक्रेत्याला बोलीआधीच निरोप पाठवून विचारा, मला दोनदा असंच विचारून कमी करून मिळालंय. मग एकूण रकमेतून शिपिंग वजा करा आणि उरलेला आकडा एकदाच लिहा. तो गोल नको, २२ऐवजी २२.६३ वगैरे, कारण दोघांचा आकडा सारखा निघाला तर ज्याची बोली आधी त्याला वस्तू मिळते. मी तो आकडा शेवटच्या दहा सेकंदांतच टाकतो.