स्टँचनखाली कायमचं चिकटणारं काही भरू नका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ऐंशीच्या दशकातली फायबरची शिडाची बोट विकत घेतली, मुंबईतला तिचा पहिलाच पावसाळा, बंकवरची गादी ओली. कडेच्या कठड्याचे उभे खांब म्हणजे स्टँचन; त्यांबद्दल मेकॅनिक म्हणतो, “सगळ्या स्टँचनखाली थ्रीएम ५२०० भरू, जन्मात गळणार नाही.” कृपा करून त्याला थांबवा. ५२०० हे कायमचं चिकटणारं सिलंट वाईट नाही. हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेक (वरची जमीन) यांचा सांधा, म्हणजे जे कधी उघडायचंच नाही, तिथे ते उत्तम. पण स्टँचन आज ना उद्या उघडावं लागतंच. चढणारा माणूस हटकून त्यालाच धरतो, त्याचा बेस (तळाचा पाया) डुलतो आणि बोल्टाभोवतीचं सिलंट सुटतं. तेव्हा खाली ५२०० असेल तर बेसबरोबर जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचे, टवके निघतात.

ओल्या गादीच्या बरोबर वर भोक असेल असंही धरू नका. पाणी आतल्या लायनरवरून, म्हणजे अस्तरावरून, वाहत कुठल्या कुठे उतरतं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त भोगायला लावलं ती. बोट शाकारायच्या आधी मी ती एका यार्डात दिली होती. बिलावर लिहिलं होतं, ‘सर्व स्टँचन काढून नव्याने बसवली.’ एकही काढलं नव्हतं. प्रत्येक बेसच्या कडेने बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढली होती, तीही न्हाणीघरात वापरतात त्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची. गळती थांबली आणि मीही निर्धास्त झालो. पण पाणी बोल्टाच्या डोक्याकडून शिरतच होतं. कडा बंद झाल्याने त्याला परत बाहेर पडायला वाट उरली नाही आणि ते डेकच्या दोन थरांमध्ये भरलेल्या बाल्सात, म्हणजे हलक्या लाकडात, मुरत गेलं. पुढे डेक पायाखाली दबायला लागला. वरचा थर कापला तर आत लाकूड नव्हतं, काळा चिखल होता. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “तेव्हा गळायचं थांबलं होतं ना?” याचा राग अजून गेलेला नाही. सिलिकॉन लागलेल्या जागी इपॉक्सी धरत नाही, रंगही फाटतो. ॲसिटोनने पुसलं तर ते नुसतं पसरतं. आधी ब्लेडने खरवडून, मग सिलिकॉन काढायचं खास द्रावण लावून साफ करावं लागतं. म्हणून काम कोणालाही द्या, पण बेस उचलताना तिथे हजर राहा आणि उघड्या भोकांचे फोटो काढा.

माझं मत विचाराल तर क्लीट, स्टँचन, विंच, ट्रॅक अशा डेकवर बोल्टने बसवलेल्या सगळ्या वस्तूंना ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी. ती सुकत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते, बेस हलला तरी ताणली जाते आणि हवं तेव्हा सुटते. आपल्याकडे पत्र्याच्या छपरासाठी मिळणारी टेप चालेल का, तर बोटांनी ओढून बघा: लांब तार निघाली तर ठीक, पटकन तुटली तर नको. इंधनाच्या टाकीच्या झाकणाजवळ मात्र ती लावू नका, डिझेल-पेट्रोलने विरघळते. पाण्याच्या रेषेखालीही नको. सागवानाला पॉलिसल्फाइड सिलंट चांगलं, पण तेच ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना लागलं तर प्लॅस्टिक खराब होतं.

तरीही ट्यूब कोणती यापेक्षा भोक कसं आहे याला मी जास्त महत्त्व देतो. बोल्ट ६ मिमीचा असेल तर वरून १२ मिमीचं भोक पाडा, वरचा थर आणि बाल्सा काढा, खालचा थर तसाच ठेवा. इपॉक्सी गळू नये म्हणून खालून साधी चिकटपट्टी लावा. आधी पातळ इपॉक्सी पाजा, मग सिलिका घालून घट्ट केलेलं भरा. कडक झालं की मधोमध ६ मिमीचं भोक. मग पाणी शिरलंच तरी बाल्साला लागत नाही. भोकाची वरची कड काउंटरसिंकने थोडी उतरती करा, म्हणजे बोल्टाभोवती ब्युटाइल टेपचं कडं बसायला जागा मिळते. घट्ट करताना बोल्ट धरून ठेवायचा आणि खालून नट फिरवायचा; बोल्ट फिरला तर बसलेलं सील फाटतं. एका दमात आवळू नका. जादा टेप बाहेर येऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं आवळा.

हे सगळं आत्ता करू नका. जुलैच्या हवेत ओला बाल्सा वाळत नाही, आणि ओल्यावर इपॉक्सी भरलं तर कुजणं आतच कोंडलं जातं. सध्या ताडपत्री घाला, ऑक्टोबरची उन्हं पडली की उघडा. तोवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत फिरा आणि जिथे आवाज बद येतो तिथे खडूने खूण करा.

मी बोटी तपासणारा सर्व्हेअर नाही, स्वतःच्या बोटीवर काम करणारा माणूस आहे. चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीचे ताण-दोर बोटीला जिथे बांधतात त्या पट्ट्या, यांच्याबाबत माझ्या शब्दावर जाऊ नका, जाणकाराला दाखवा. त्यांच्यावर आख्खी डोलकाठी तोललेली असते, आणि डेकच्या ओल्या गाभ्यात हवा न मिळणारं स्टेनलेस आतून खात जातं, अगदी गंजाला जास्त दाद न देणारं ३१६ सुद्धा. बाहेरून फार तर तपकिरी डाग दिसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजव्या चेनप्लेटखाली तसा डाग दिसतोय. स्टँचनच्या आधी ती जाणकाराकडून काढून तपासून घ्या.