त्या रांगा आपल्याकडेच का वळल्या आहेत?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या डेटातून तू काढलेला आलेख पाहिला. त्यात दीर्घिकांच्या लांबलचक रांगा थेट आपल्या दिशेने रोखलेल्या दिसतात, याचं तुला कोडं पडलंय. इतक्या लवकर पडलं, हे फार चांगलं झालं.

अशा रांगा विश्वात नाहीत. आपण अंतर मोजतच नाही, मोजतो ती ताम्रसृती, म्हणजे दीर्घिकेच्या प्रकाशाच्या लहरी किती लांबल्या ते, आणि तिच्यावरून अंतर काढतो. तिच्यात विश्वाच्या प्रसरणाबरोबर दीर्घिकेचा स्वतःचा वेगही मिसळलेला असतो. मोठ्या समूहात दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने फिरतात. तेवढ्याने जागा साडेचार कोटी प्रकाशवर्षं पुढेमागे सरकते आणि गोलसर समूह ताणून बोटासारखा दिसतो. १९८६ साली दे लापारां, गेलर आणि हुक्रा यांनी सुमारे ११०० दीर्घिकांचा जो काप छापला, त्यात मधोमध हातपाय पसरलेला माणूस दिसतो ना, त्याचं धड म्हणजे असाच ताणलेला कोमा समूह. भोवतालच्या पोकळ्या मात्र खऱ्या, आणि त्यांनीच तेव्हा सगळ्यांची झोप उडवली.

दुसरी गोष्ट पेपरात एका ओळीत उरकतात, म्हणून मुद्दाम लिहितो. स्लोनच्या दुर्बिणीवर ॲल्युमिनियमच्या तबकड्या चढत. प्रत्येक दीर्घिकेच्या जागी भोक पाडलेलं, आणि दिवसा माणसं त्यांत प्रकाश वाहून नेणारे ६४० काचतंतू, म्हणजे फायबर, एकेक करून हाताने खोचत. दोन फायबर ५५ विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जवळ बसत नसत. म्हणजे जिथे गर्दी जास्त, नेमक्या तिथल्याच दीर्घिका सुटल्या. निवडलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के. अमेरिकेतल्या किट पीकवरच्या डेसी या नव्या सर्वेक्षणात आता ५००० रोबो फायबर हलवतात, तरी शेजारच्या दोघांना हवं तितकं जवळ येता येत नाहीच. तेव्हा गर्दी मोजण्याआधी कोण सुटलं ते मोज.

स्वतःची दुर्बीण नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये जाहीर झालेला सरस्वती महासमूह याच स्लोनच्या डेटातून सापडला. त्यातल्याच काही दीर्घिकांचे वर्णपट उघड. कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषा प्रयोगशाळेत ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरला असतात. तिथे त्या ५०४ आणि ५०८च्या आसपास सापडतील. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा झाकून ठेव, रेषा स्वतः शोध आणि ताम्रसृती कागदावर काढ. उत्तर जुळलं नाही तर तो वर्णपट मला पाठव, आपण दोघं बसून बघू.

तुझा,
काका