फ्रेम लॉक सरकतंय, म्हणजे संपत आलंय का?

या वेळी आलेल्या पत्रांत टायटॅनियमच्या घडीच्या चाकूंबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. आधी रचना सांगतो. फ्रेम लॉकमध्ये मुठीच्या एका बाजूचाच पट्टा चिरून स्प्रिंगसारखा केलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की हा पट्टा, म्हणजे लॉकबार, आत सरकून पात्याच्या बुडामागे टेकतो आणि पातं मिटू देत नाही. ही पद्धत क्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा या चाकूमुळे जगभर पोचली.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी चाकू घेतला तेव्हा लॉकबार बुडाच्या पाव भागावर टेकत होता. आता निम्म्यावर आला आहे. वापर खोकी फोडणं, फळं कापणं आणि ट्रेकला दोर कापणं एवढाच. टायटॅनियम असंच झिजत राहणार का? — एक वाचक, कोथरूड

टायटॅनियम झिजतं, पण तुम्हाला दिसतंय त्याच्या मानाने फारच कमी. मुठीसाठी सहसा टायटॅनियमचा ग्रेड ५ हा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापाने ३६च्या आसपास, तर पात्याच्या पोलादाचा ५८ ते ६२. दोघं घासले की टायटॅनियमच नमतं घेणार.

आता आकडे बघा. बुडाचा टेकायचा भाग साधारण ८ अंशांनी तिरका घासलेला असतो, पाचरीसारखा. तुमचं पातं ३.५ मिलिमीटर जाड धरलं, तर पाव भागावरून निम्म्यावर येताना लॉकबार सुमारे ०.९ मिलिमीटर आडवा सरकला. ८ अंशांच्या उतारावर एवढं सरकायला प्रत्यक्षात झीज लागते ०.१२ मिलिमीटरची, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहून जेमतेम जास्त. उतार दिलाय तोच यासाठी : जेवढं झिजेल तेवढा लॉकबार आत सरकून फट भरून काढतो.

शिवाय ही झीज एकसारख्या गतीने होत नाही. नव्या लॉकबारच्या तोंडावर कटरच्या बारीक रेघा असतात. सुरुवातीला त्या रेघांचे कंगोरेच टेकतात, म्हणून लवकर चेपतात. टेकणारी जागा वाढली की दाब विभागला जातो आणि सरकणं मंदावतं. तेव्हा चाकू उघडून बुडाकडून, एकाच अंतरावरून आजच फोटो काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी दुसरा काढून ताडून बघा. लॉकबार तिथेच असेल तर लॉक बसलंय, झिजत नाहीये.

एक चाचणी आताच करा. पातं सावकाश उघडून लॉकबार कुठे थांबतो ते बघा, मग नेहमीच्या हिसड्याने उघडून बघा. हिसड्याने तो बराच जास्त आत जात असेल, तर त्यातला काही भाग झिजेचा नसून आपटण्याचा आहे. मूठ घट्ट आवळून लाकडावर जोर लावला तरी हेच होतं, कारण आपली बोटंच लॉकबारला आत ढकलत असतात. काळजी कधी करायची? लॉकबार पलीकडच्या पाळ्याला (मुठीच्या दुसऱ्या बाजूच्या पट्टीला) जवळजवळ लागायला आला, किंवा पातं वर-खाली हलायला लागलं, तर.

पुढचा चाकू घेताना लॉकबारच्या टोकाला पोलादी तुकडा स्क्रूने बसवलेला आहे का, ते जरूर बघा. कडक पोलादावर कडक पोलाद टेकतं, झीज नगण्य होते आणि तुकडा बदलताही येतो. काही कारागीर टायटॅनियमच्या तोंडावर विजेच्या ठिणगीने टंग्स्टन कार्बाइडचा थर चढवतात. सेबेन्झाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तिथे सिरॅमिकची गोळीच बसवलेली असते.

प्रश्न : नवीन चाकूचं लॉक चिकटतं. बंद करताना अंगठा दुखेपर्यंत ढकलावं लागतं आणि करकर आवाज येतो. कानशीने जरा घासून घेऊ का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

कानस अजिबात लावू नका. वरचाच हिशोब उलटा करून बघा : तोंडावरून ०.१ मिलिमीटर गेलं की लॉकबार ०.७ मिलिमीटर आत सरकला. कानशीचे दोन-चार हात आणि चाकूचं बरंच आयुष्य गेलं.

टायटॅनियमची खोडच अशी आहे की, दाबाखाली पोलादावर घासलं की त्याचे सूक्ष्म कण पोलादाला चिकटतात आणि ओरबाडले जातात. करकर त्याचीच. इयरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन लॉकबारचं तोंड आणि पात्याचं बूड दोन्ही पुसा. बुडावर राखाडी चकचकीत डाग दिसला तर ते चिकटलेलं टायटॅनियम आहे. तेही पुसून काढा. सुकल्यावर ६बी पेन्सिलने (अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळेल) बुडाचा उतार काळा करा आणि हिसडा न देता तीस-चाळीस वेळा उघड-मीट करा. ग्रॅफाइट मधे राहून चिकटणं थांबवतं. पुसलं गेलं की पुन्हा लावा. तेल मात्र तिथे नको : धूळ धरतं, आणि टेकलेलं लॉक घसरू शकतं.

महिनाभराच्या वापरानंतरही चिकटत असेल तर बहुधा उताराचा कोनच चुकलेला आहे. चाकू बनवणाऱ्याकडे परत पाठवा.

प्रश्न : लॉकबार सैल वाटतो, बंद पातं खिशात उघडेल की काय अशी भीती वाटते. वर्कशॉपमध्ये गरम करून वाकवला तर? — एक वाचक, भोसरी

गरम करू नका. लॉकबारची सगळी लवचिकता त्याच्या मुळाशी कोरून पातळ केलेल्या पट्टीत असते आणि तिथे जेमतेम १ ते १.३ मिलिमीटर धातू उरलेला असतो. तिथे आंच किंवा कानशीचा ओरखडा म्हणजे तड्याला आमंत्रण.

सैल होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बंद करताना लॉकबार गरजेपेक्षा बाहेर ओढणं. पातं सुटलं की अंगठा थांबायला हवा. चाकू बनवणारे रिक हिंडरर यांनी यावर गोल चकतीचा अडथळा शोधून काढला. तुमच्या चाकूला तसा नसेल तर शिस्त अंगठ्यानेच पाळायची.

वाकवायचं ते थंडच. पातं काढा, मूठ पुन्हा जोडू नका, सुट्टा पाळा हातात घ्या आणि लॉकबार अंगठ्याने आतल्या बाजूला थोडा दाबून सोडा. टायटॅनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट लवतं आणि परत उसळतं, त्यामुळे पहिल्या दाबात फरक दिसणार नाही. दर वेळी जोडून तपासा. जास्त वाकवला तर दाब वाढून लॉक चिकटेल, तोंड लवकर झिजेल आणि पातं बंद धरणारी छोटी गोळी पात्यावर चर पाडेल.

प्रश्न : पातं हलतं. लॉक गेलं का? — एक वाचक, धायरी

कुठल्या दिशेला हलतं ते सांगितलं नाहीत. डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर लॉकचा संबंध नाही. पातं ज्यावर फिरतं तो मुख्य स्क्रू सैल आहे. बहुतेक चाकूंना टी-८ (ताऱ्याच्या आकाराचा) बिट लागतो. एक अष्टमांश फेरा आवळा आणि तपासा. पुन्हापुन्हा सुटत असेल तर आटे अल्कोहोलने पुसून निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा) टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावा. तो वायसर किंवा बेअरिंगवर सांडला तर पातं आखडेल.

वर-खाली हलत असेल तर आधी स्टॉप पिन बघा. उघडलेलं पातं या पिनेवर आदळतं, आणि एका जागी चेपली की तिथून फट पडते. पिन गोल आणि सुटी असेल तर चाकू उघडून ती थोडी फिरवून बसवा म्हणजे न चेपलेली बाजू पात्यासमोर येईल. एवढं करूनही हललं, तर लॉकबारच्या तोंडाला मार्करची शाई लावा, सावकाश वीस वेळा उघडा आणि शाई कुठली पुसली गेली ते बघा. टेकण्याची जागा मुख्य स्क्रूपासून लांबच्या कडेला हवी. स्क्रूच्या जवळच टेकत असेल तर पातं त्या बिंदूवर डुलणारच, आणि ते दुरुस्त करणं बनवणाऱ्याचं काम आहे. तोवर त्या चाकूवर जोराचं काम करू नका, बोटं पात्याच्या वाटेतच असतात.